विद्यापीठप्रवेश : पात्रता व सवलती (महाराष्ट्र)

विद्यापीठात अध्ययन करण्याचा अधिकार मिळावा म्हणून विद्यार्थ्याने पूर्ण करावयाच्या शैक्षणिक अटींना प्रवेशपात्रता म्हणतात. सामाजिक, आर्थिक वा प्रादेशिक कारणांनी शिक्षणात मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी या अटींत वेळोवेळी शिथिलता आणण्यात आली. तिचे दोन प्रकार स्थूलमानाने ओळखता येतात. एकात काही जागा विशिष्ट वर्गांसाठी राखून ठेवल्या जातात. दुसऱ्यात प्रवेशासाठी लागणाऱ्या किमान गुणांची मर्यादाच त्या वर्गांपुरती कमी केली जाते. सामान्य व्यवहारात या दोहोंची सरमिसळ होते. परंतु त्यांचा इतिहास, त्यांमागील विचार आणि न्यायालयांनी त्यांविषयी घेतलेली भूमिका ही भिन्न आहेत. विद्यार्थिवृत्ती, वसतिगृहे, शुल्कमाफी यांसारखे साहाय्य वस्तुतः प्रवेशानंतरचे. तथापि महाराष्ट्रात त्याचा विचार प्रवेशाच्या प्रश्नापासून कधीच वेगळा झालेला नाही, कारण पात्रता अंगी येण्यापूर्वीच विद्यार्थी शाळेतून गळून जातो, ही येथील मूळ अडचण होती.

चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या शैक्षणिक खलित्यानुसार १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेले मुंबई विद्यापीठ प्रारंभी अध्यापन करीत नसे. परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्याचे कार्य होते. साहजिकच प्रवेशपरीक्षा (मॅट्रिक्युलेशन) हे त्याचे मुख्य द्वार ठरले. पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली. तीस शंभराहून अधिक विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी जेमतेम वीसेक उत्तीर्ण झाले. उत्तीर्णांमध्ये महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. १८६२ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांतही त्यांची गणना झाली. या परीक्षेची खरी कसोटी इंग्रजीची होती. गणित असो वा इतिहास, उत्तरे इंग्रजीत लिहावयाची असल्यामुळे इंग्रजी शाळेत सातआठ वर्षे घालविल्यावाचून कोणासही या दारापर्यंत पोहोचता येत नसे. आणि अशा शाळा मुंबई, पुणे, रत्नागिरी, बेळगाव अशा मोजक्या शहरांत होत्या. विद्यापीठाची परीक्षा सर्वांना एकच होती, हे खरे; तिची तयारी करण्याची संधी मात्र एक नव्हती.

मराठीसारख्या देशी भाषांना विद्यापीठाच्या प्रारंभीच्या परीक्षांत स्थान होते. परंतु संस्कृत, लॅटिन, अरबी, फार्सी यांसारख्या अभिजात भाषांचा अभ्यास वाढावा या हेतूने १८६० नंतरच्या काही वर्षांतच प्रवेशपरीक्षेवरील अभ्यासक्रमांतून देशी भाषा वगळण्यात आल्या. रानडे यांनी त्या पुन्हा आणण्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले व १९०१ च्या सुमारास, त्यांच्या निधनाच्या वेळी, एम्.ए. परीक्षेत मराठीचा समावेश झाला. या निर्णयाचा परिणाम भाषेपुरता मर्यादित राहिला नाही. ज्या घरांत संस्कृत पाठांतराची परंपरा होती, त्यांना अभिजात भाषेची अट जड गेली नाही. शेतकरी व कारागीर कुटुंबांतील मुलांना मात्र इंग्रजीच्या जोडीला आणखी एक अपरिचित भाषा शिकावी लागे.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा प्रश्न याहून मूलभूत होता. जून १८५६ मध्ये धारवाड येथील (तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील) सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. एका मुलाला घेतल्यास शाळा ओस पडेल, असे कारण देऊन मुंबई सरकारने तो नाकारला. पुढे १८५८ मध्ये, ज्या शाळांचा सर्व खर्च सरकार सोसते त्या कोणताही भेद न करता सर्व वर्गांना खुल्या राहतील, असे सरकारने जाहीर केले. या जाहीरनाम्याची अंमलबजावणी पुष्कळ काळ झाली नाही. विद्यापीठाच्या नियमांत जातीचा उल्लेख कोठेही नव्हता. त्याची गरजही नव्हती, कारण गाळणी गावातील शाळेच्या ओट्यावरच लागत असे.

या स्थितीचे सर्वांत मर्मग्राही विश्लेषण जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात आढळते. शेतसाऱ्याचा पैसा रयतेकडून येतो आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस होतो, ही त्यांची तक्रार सर्वपरिचित आहे. तीवरून त्यांना उच्च शिक्षणाविषयी आस्था नव्हती, असा समज काहींनी करून घेतला. तो बरोबर नाही. त्याच निवेदनात प्रवेशाशी थेट संबंध असलेल्या दोन सूचना आहेत. पहिली सूचना विद्यार्थिवृत्त्यांविषयीची. स्पर्धेने विद्यार्थिवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य असली, तरी तिचा लाभ शिक्षणाची गोडी आधीच लागलेल्या वर्गांनाच होतो. म्हणून काही विद्यार्थिवृत्त्या शिक्षणाचा प्रसार न झालेल्या वर्गांसाठी वेगळ्या ठेवाव्यात, असे त्यांनी सुचविले. दुसरी सूचना विद्यापीठाला उद्देशून होती. खासगी रीत्या अभ्यास करणाऱ्यांना प्रवेशपरीक्षेस बसण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती, तीच बी.ए., एम्.ए. या परीक्षांसाठीही द्यावी, म्हणजे महाविद्यालयाचा खर्च न झेपणारे अनेक तरुण घरी अभ्यास करून पदवी मिळवतील, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या सूचनेत पुढील काळातील राखीव जागांचे व सवलतींचे बीज आहे आणि दुसरीत बहिःस्थ व मुक्त शिक्षणाचे. स्पर्धा निर्दोष असूनही तिचा निकाल एकतर्फी लागू शकतो, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे त्या काळी क्वचितच कोणी मांडली असेल. आयोगाने मागासलेल्या वर्गांच्या शिक्षणाला उत्तेजन देण्याच्या शिफारशी केल्या. विद्यापीठाची चौकट मात्र जशीच्या तशी राहिली.

स्त्रियांच्या बाबतीत अडसर शब्दाचा होता. विद्यापीठाच्या नियमांत परीक्षार्थीचा उल्लेख पुल्लिंगी असल्याने स्त्रियांना परीक्षेस बसता येईल किंवा कसे, हा प्रश्न उपस्थित झाला. १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. त्यांनी वरचा क्रमांक मिळविला, तरी इंग्लंडमधील अध्ययनासाठीची सरकारी विद्यार्थिवृत्ती स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली. प्रवेश मिळाला म्हणजे समान संधी मिळालीच असे नव्हे, हे या प्रसंगाने दाखविले. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने वेगळा मार्ग पत्करला. तेथे शिक्षण मातृभाषेतून दिले जाई, इंग्रजी हा एक विषय होता आणि प्रवेशपरीक्षाही विद्यापीठाची स्वतंत्र होती. अट शिथिल करण्याऐवजी अटच बदलण्याचा हा प्रयोग होय. त्याची किंमतही मोजावी लागली : या विद्यापीठाच्या पदव्यांना दीर्घकाळ शासकीय मान्यता नव्हती. ती स्वातंत्र्योत्तर काळात मिळाली.

संस्थानांत व खासगी संस्थांत मदतीचा भर वसतिगृहांवर व वृत्तींवर होता. कोल्हापूरचे छत्रपती शाहू यांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला, हे सर्वश्रुत आहे. शिक्षणाच्या दृष्टीने त्यांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहे तितकीच महत्त्वाची मानली पाहिजेत. खेड्यातील मुलाला राजाराम महाविद्यालयाचे दार उघडे असून भागत नसे. कोल्हापुरात राहावयास जागा व दोन वेळचे जेवण नसेल, तर त्या दाराचा उपयोग शून्य होता. भीमराव आंबेडकर हे १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या खटपटीने त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा पंचवीस रुपयांची वृत्ती मिळाली, आणि १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. प्रवेशाच्या गुणांत त्यांना कोणतीही सूट नव्हती. होती ती महिन्याच्या खर्चाची सोय. याच अनुभवातून पुढे त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत १९४६ मध्ये सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत असल्याने नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय झाली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये निघाले. भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (१९१९) साताऱ्यास १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत महाविद्यालयापर्यंत नेली. विदर्भात पंजाबराव देशमुख यांच्या शिवाजी शिक्षण संस्थेने (१९३२) असेच कार्य केले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर विद्यार्थिवृत्तीची भारत सरकारची योजना १९४४ मध्ये, आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली.

स्वातंत्र्यानंतर प्रवेशपरीक्षा विद्यापीठाच्या हातून गेली. मुंबई राज्यात मॅट्रिकच्या जागी शालान्त प्रमाणपत्र परीक्षा आली व ती घेण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले. १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. १९७५ पासून दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध लागू झाल्यावर उच्च माध्यमिक परीक्षा, म्हणजे बारावी, हीच विद्यापीठप्रवेशाची पायरी ठरली. पुणे (१९४८–४९), मराठवाडा (१९५८), शिवाजी (१९६२) या विद्यापीठांच्या स्थापनेने कला व वाणिज्य शाखांचा प्रवेश बहुतेक ठिकाणी केवळ उत्तीर्ण होण्यावर येऊन ठेपला. १९५९ च्या सुमारास आर्थिक दृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळू लागल्याने ग्रामीण महाविद्यालये भरली. तेव्हापासून प्रवेशाचा वाद वैद्यक व अभियांत्रिकी या मोजक्या जागांच्या शाखांभोवती फिरत राहिला. बी.ए. च्या वर्गात कोणास किती गुणांवर घेतले, याविषयी कोणी न्यायालयात गेल्याचे क्वचितच आढळेल.

राखीव जागांचा घटनात्मक पाया १९५१ मध्ये घातला गेला. मद्रास राज्यातील महाविद्यालयीन जागांची जातवार वाटणी सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केली. त्यावर त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद १५ मध्ये चौथा खंड घालण्यात आला व सामाजिक आणि शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी तसेच अनुसूचित जातिजमातींसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. म्हैसूर राज्याविरुद्धच्या बालाजी खटल्यात (१९६२) अशा जागा सामान्यतः पन्नास टक्क्यांहून कमी असाव्यात, असे तत्त्व मांडण्यात आले. महाराष्ट्रात १९६१ मध्ये नेमलेल्या बी. डी. देशमुख समितीने १९६४ मध्ये अनुसूचित जाती व बौद्ध धर्मांतरित यांस १३, अनुसूचित जमातींस ७, विमुक्त व भटक्या जमातींस ४ आणि इतर मागास वर्गांस १० टक्के अशी शिफारस केली. १९५६ मध्ये बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या सवलती १९९० मध्ये दिल्या. महाराष्ट्राने त्या बऱ्याच आधी सुरू केल्या होत्या. विमुक्त व भटक्या जमातींचा स्वतंत्र गट हेही या राज्याचे वैशिष्ट्य होय. ज्या जमातींना वसाहतकालीन कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले होते व ज्यांची एका गावी वस्ती नसे, त्यांना शाळेचा दाखला मिळविणे हीच पहिली प्रवेशपरीक्षा होती. पुढे इतर मागास वर्गांचे प्रमाण वाढून एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आसपास आले.

गुणमर्यादा कमी करण्याचा प्रश्न याहून नाजूक ठरला. राखीव जागा ठेवूनही त्या रिकाम्या राहत, कारण पात्रतेची किमान रेषा ओलांडणारे विद्यार्थी पुरेसे मिळत नसत; विशेषतः अनुसूचित जमातींच्या जागा वर्षानुवर्षे न भरता खुल्या होत. त्यामुळे रेषाच खाली आणावी, हा विचार पुढे आला. मध्य प्रदेश सरकारने वैद्यकीय पूर्वपरीक्षेतील किमान गुणांची अट अनुसूचित जातिजमातींपुरती रद्द केली, तेव्हा निवेदिता जैन खटल्यात (१९८१) सर्वोच्च न्यायालयाने ती कृती वैध ठरविली. प्रवेश कमी गुणांवर मिळाला, तरी पदवीसाठी शेवटची परीक्षा सर्वांना एकच द्यावी लागते, हा या बाजूचा मुख्य युक्तिवाद असे व तो वजनदार आहे. तथापि १९९९ मध्ये प्रीती श्रीवास्तव खटल्यात न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशापुरती वेगळी भूमिका घेतली. सर्वसाधारण उमेदवारास ४५ टक्के आणि राखीव उमेदवारास २० टक्के इतके अंतर फार मोठे असून शिक्षणाची पातळी जसजशी वर जाते तसतशी सवलत आकुंचित व्हावी, असे त्या निर्णयाचे तात्पर्य होते. त्यानंतर साधारणतः दहा टक्क्यांचे अंतर रूढ झाले. वैद्यकीय पदवीसाठी बारावीच्या विज्ञान विषयांत सर्वसाधारण विद्यार्थ्यास ५० व राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण लागतात. अभियांत्रिकीसाठी हीच मर्यादा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ४५ व ४० अशी ठरविली. राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेत (नीट) या मर्यादेस शततमकाचे रूप मिळाले : खुल्या गटास पन्नासावे, राखीव गटांस चाळिसावे शततमक. या रेषा अचल आहेत, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय जागा रिकाम्या राहू लागल्यावर सर्वच गटांसाठी किमान शततमक शून्यावर आणण्यात आले. गुणवत्तेची किमान पातळी म्हणून जी रेषा पवित्र मानली जाते, ती जागा भरण्याच्या गरजेपुढे किती सहज सरकते, याचे हे उदाहरण बोलके आहे.

याच संदर्भात विनाअनुदानित महाविद्यालयांचा उल्लेख करावा लागतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. जागा वाढल्या, परराज्यांत जाणारे विद्यार्थी येथेच राहू लागले. त्याबरोबरच देणगी घेऊन प्रवेश देण्याची प्रथा इतकी फोफावली, की १९८७ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. यांतील अनेक प्रवेश शासकीय महाविद्यालयांतील राखीव जागांच्या शेवटच्या विद्यार्थ्यापेक्षाही कमी गुणांवर झाले होते. पैशाच्या बळावर मिळालेल्या या सवलतीमुळे गुणवत्ता ढासळते, अशी ओरड मात्र तितक्या जोराने झाली नाही. पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात (२००५) विनाअनुदानित संस्थांवर राज्याचे आरक्षण लादता येणार नाही, असा निर्णय झाला. त्यावर त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती होऊन अल्पसंख्याक संस्था वगळता अशा संस्थांतही राखीव जागा ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला व महाराष्ट्राने २००६ मध्ये तसा कायदा केला.

जात हा एकच निकष पुरेसा आहे काय, की विद्यार्थी कोठे वाढला हेही पाहावे, हा वाद जुनाच आहे. महाराष्ट्रात प्रदेशाचा विचार सत्तर–तीस या सूत्राने झाला : विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र या विभागांतील वैद्यकीय महाविद्यालयांत सत्तर टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना व तीस टक्के जागा इतर विभागांना मिळत. मागास विभागांना संरक्षण देण्याच्या हेतूने आलेले हे सूत्र मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना अन्यायकारक वाटू लागले, कारण त्यांच्या विभागात महाविद्यालयेच कमी होती. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द करण्यात आले. नुसत्या ग्रामीणतेस मात्र न्यायालयाने मान्यता दिली नाही. उत्तर प्रदेशातील प्रदीप टंडन खटल्यात (१९७४) डोंगराळ व उत्तराखंड भागांसाठीच्या जागा टिकल्या. पण ग्रामीण भागासाठीच्या जागा रद्द झाल्या, कारण खेड्यात राहणारे सर्व लोक मिळून एक मागास वर्ग होत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याकडे पाहिले असता या मताचे तथ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही कळतात. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत, अतिवृष्टीचा व विरळ वस्तीचा आहे. टाटा कंपनीच्या मुळशी धरणासाठी तेथील गावे बुडाली व १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. महादेव कोळी व कातकरी वस्त्या या भागात आहेत. पूर्वेकडील नेरे, मारुंजी, हिंजवडी ही गावे पुणे–पिंपरी चिंचवड नगरांना लागून असून, विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागल्यावर शेतीची जमीन इमारतींखाली गेली. शासनाच्या दप्तरी नेरे हे ग्रामपंचायतीचे गाव. तेथे नव्या गृहसंकुलात राहणाऱ्या संगणक अभियंत्याचा मुलगा आणि जमीन विकून झालेल्या किंवा मुळात जमीनच नसलेल्या कुटुंबातील मुलगी यांचा पत्ता एकच. गावाला सवलत दिली, तर ती पहिल्याच्या हाती आधी पडण्याचा संभव अधिक. उलट पश्चिमेकडील वाडीतील मुलास डोंगर, पाऊस व शाळेचे अंतर या तिन्ही गोष्टी अडवितात आणि त्यांची नोंद त्याच्या जातीच्या दाखल्यावर नसते.

दाखला हाच पुढे सवलतीचा कणा आणि वादाचे मूळही बनला. नावांच्या साधर्म्यामुळे अनुसूचित जमातींच्या जागांवर इतरांनी प्रवेश मिळविल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात विशेष होत्या; कोळी व महादेव कोळी, कोष्टी व हलबा ही त्यांची ठळक उदाहरणे. माधुरी पाटील खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने दाखल्यांच्या पडताळणीसाठी समित्या नेमण्याची कार्यपद्धती घालून दिली व राज्याने २००१ मध्ये त्यासंबंधीचा कायदा अमलात आणला. हलबा–कोष्टी विषयक मिलिंद खटल्यात (२०००) दावा फेटाळूनही शिक्षण पूर्ण झालेल्या डॉक्टरची पदवी न्यायालयाने कायम ठेवली. २०१७ मध्ये मात्र अशी दया दाखविण्याची वाट न्यायालयानेच बव्हंशी बंद केली. स्थलांतरितांचा प्रश्न मुंबईतील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशातून निघाला. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमात मानल्या गेलेल्या समाजातील, पण लहानपणापासून महाराष्ट्रात राहिलेल्या विद्यार्थ्यास येथे सवलत मिळणार नाही, असे १९९० मध्ये ठरले. पडताळणीने खऱ्या हक्कदारांचे रक्षण होते, हे निर्विवाद; परंतु आजोबांच्या शाळेचा दाखला मागणारी ही पद्धत, ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांनाच सर्वाधिक जाचक ठरते.

पात्रतेची अट ओलांडण्यास विद्यार्थ्याला तयार करावे, असा तिसराही मार्ग आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थांत, पवई येथील संस्थेसह, सवलतीच्या रेषेपर्यंतही न पोहोचलेल्या अनुसूचित जातिजमातींच्या काही विद्यार्थ्यांना वर्षभराच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमास घेऊन नंतर मुख्य अभ्यासक्रमात सामावून घेतले जाते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (१९८९) राम ताकवले यांच्या काळात दहावी–बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आखला. तो पूर्ण करणाऱ्यास पदवी वर्गात प्रवेश मिळे. गृहिणी, कामगार व शाळा अर्धवट सुटलेले तरुण यांना त्यामुळे पदवीची वाट खुली झाली. जोतीरावांची दुसरी सूचना अशा रीतीने शंभरावर वर्षांनी फळास आली, असे म्हणावयास हरकत नाही.

परदेशांतही हा प्रश्न भिन्न रूपाने आढळतो. स्कॉटलंडमध्ये २०१६ मधील एका आयोगाच्या शिफारशीवरून विद्यापीठांनी प्रत्येक अभ्यासक्रमासाठी नेहमीची गुणपातळी आणि वंचित वस्त्यांतील विद्यार्थ्यांसाठी तीहून कमी पातळी अशा दोन पातळ्या जाहीर करण्यास सुरुवात केली. वंचितता ठरविण्याचा तेथील प्रमुख निकष राहत्या वस्तीचा आहे व त्यावर घेतला जाणारा आक्षेप नेऱ्याच्या उदाहरणासारखाच आहे : वस्ती गरीब असली, तरी तीतील प्रत्येक घर गरीब नसते आणि श्रीमंत वस्तीतील गरीब घर दृष्टीआड होते. अमेरिकेत टेक्सस राज्याने १९९७ मध्ये प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेश देण्याचा कायदा केला. त्यामुळे दुर्बल शाळांतील हुशार मुलांची तुलना त्यांच्या सहाध्यायांशीच झाली. भारतात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने मागास जिल्ह्यांतून आलेल्यांना प्रवेशात जादा गुण देण्याची पद्धत अवलंबिली. १९८३ च्या आंदोलनानंतर ती बंद पडली व १९९० नंतरच्या दशकात पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी शाळा वा तालुका पाहून गुण वाढविण्याची अशी पद्धत व्यापक प्रमाणावर स्वीकारली नाही. येथील पद्धत राखीव जागांची राहिली; गुणांतील सवलत तिची उपांगभूत.

एकविसाव्या शतकात या पद्धतीवरील ताण वाढला. १९९९ पासून राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा आल्याने बारावीचे गुण काहीसे मागे पडले व खासगी शिकवणी वर्गांचे महत्त्व वाढले; लातूर, नांदेड, पुणे, मुंबई येथे त्यांची मोठी केंद्रे झाली. तेथील शुल्क ज्यास परवडत नाही, त्याला समान प्रश्नपत्रिकेचा लाभ किती, हा प्रश्न जोतीरावांच्याच प्रश्नाचे नवे रूप होय. मराठा समाजासाठी २०१८ मध्ये केलेला सोळा टक्के आरक्षणाचा कायदा उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता बारा टक्क्यांवर आणून मान्य केला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्के आरक्षणाचा नवा कायदा संमत झाला. दरम्यान २०१९ च्या एकशे तिसऱ्या (१०३ व्या) घटनादुरुस्तीने अन्य आरक्षणाचा लाभ नसलेल्या आर्थिक दुर्बल घटकांसाठी दहा टक्के जागा आल्या व २०२२ मध्ये ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वैध ठरविली. या तरतुदीत प्रथमच केवळ उत्पन्न व मालमत्ता हा निकष आला. परंतु अनुसूचित जातिजमाती व इतर मागास वर्गांतील दरिद्री कुटुंबे तीतून वगळली गेल्याने अल्पमतातील न्यायाधीशांनी तीव्र हरकत नोंदविली. २०२४–२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. वसतिगृहाचा व भोजनाचा खर्च या माफीत येत नाही. त्यासाठी स्वतंत्र निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत.